सात पायऱ्यांचा बंगला

९ नोव्हेंबर

एक खिळा खरा कितीला पडला ते लिहून ठेवतो. ड्रिलचे दोन बिट मोडले. बहिरू मिस्त्रीचा अर्धा दिवस गेला. टोपलीभर चुना खाली आला. मंजुषा मॅडमचा सव्वीस मिनिटांचा फोन ऐकावा लागला. सुनेने संध्याकाळपर्यंत अबोला धरला. आणि ज्या कॅलेंडरसाठी हे सगळं केलं, ते अजून खुर्चीवरच पडून आहे.

बंगला ताब्यात येऊन पंधरा दिवस झाले. म्हटलं, पहिलं काम आपल्या हाताने करावं, कारखान्याचं कॅलेंडर टांगावं. भिंत दीड हात जाड, काळ्या दगडाची, वर चुन्याचा गिलावा. सातपूरला अठ्ठावीस वर्षं मी लोखंडाला भोकं पाडतोय. इथे एक भोक पाडलं तर ताटाएवढा पोपडा अंगावर आला.

मंजुषा मॅडम म्हणजे जुन्या घरांच्या आर्किटेक्ट. नव्या घरांचे आर्किटेक्ट बांधकाम करून देतात, या करू देत नाहीत. फोनवर म्हणाल्या, "झुंबरकाका, चुन्याची भिंत श्वास घेते. तुम्ही तिला जखम केलीत."

मी म्हटलं, "मॅडम, आता भोक मोठं झालंय, मोकळा श्वास घेईल."

त्या हसल्या नाहीत. त्यांना आमच्या सूनबाईंनी, हर्षालीने, शोधून आणलंय. मुलगा पुण्याला नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो, त्यामुळे घराच्या बाबतीत पुढची पिढी म्हणजे हर्षालीच. तिने बंगल्याच्या नावाने मोबाईलवर एक पान उघडलंय. बंगल्याला तिथे चारशे लोक ओळखतात. त्यातले अकरा मला ओळखतात.

१३ नोव्हेंबर

वही सुरू केलीच आहे तर घर का घेतलं तेही लिहितो.

उज्वलाचे दोन्ही गुडघे गेलेत. जानेवारीत ऑपरेशन. आमचा सातपूरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर तीन मजले चढायचं विसरा. खाली राहायची सोय करा." म्हणून खालचं घर बघायला निघालो. गंगापूर रोडला नव्या बिल्डिंगीत तळमजल्याचे चार फ्लॅट बघितले. चारही चांगले होते. पाचवा बघायला जाताना दलालाने गल्लीत गाडी वळवली आणि हा बंगला समोर आला.

एकोणीसशे चौतीस साल दगडात कोरलेलं आहे. बाविसाव्या वर्षी मी याच गल्लीतून सायकलवर एका साहेबाचा डबा न्यायचो. तेव्हा या फाटकातून कुत्रं अंगावर यायचं आणि वरून कोणीतरी म्हणायचं, "ए, सायकल टेकवू नको." त्याचा आणि घर घेण्याचा काही संबंध नाही. घर उज्वलाच्या गुडघ्यांसाठी घेतलंय.

एक गोष्ट मात्र छाती ठोकून लिहितो. या घरातली एकूण एक गोष्ट उज्वलाला विचारून होणार. अठ्ठावीस वर्षं मी कारखान्यात आणि ती तीन मजले वर, पाण्याच्या कळशा, गॅसच्या टाक्या, पोरांची दप्तरं घेऊन. आता तिच्या शब्दाबाहेर खिळासुद्धा नाही. (परवाचा तो खिळा सोडून.) माझे कान तर सातपुरात प्रसिद्ध आहेत. मशीनचं बेअरिंग जायच्या चार दिवस आधी मला आवाजावरून कळतं. घरातलं माणूस तर तोंडाने बोलतं.

२१ नोव्हेंबर

उज्वलाला आज घर दाखवलं.

तीन मजले उतरून गाडीत बसेपर्यंत वीस मिनिटं गेली. त्यामुळे पोचल्यावर ती अंगणात मागच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसली. हर्षालीने बंगल्यातून व्हिडिओ कॉल लावला. दिवाणखाना, झोपायच्या खोल्या, सागाच्या तुळया, रंगीत काचा, सगळं एकामागून एक. मी शेजारी उभा राहून समजावत होतो. आता घर बघायला माणसाला पायसुद्धा लागत नाहीत.

"फरशी हीच ठेवायची ना?" मी विचारलं.

"मोबाईलवर छान दिसते."

"खिडक्या सागाच्याच?"

"तुम्हाला आवडल्यात ना?"

लिहून घेतलं. फरशी पसंत. खिडक्या पसंत.

मग तिने विचारलं, "बाथरूम कुठंय?"

"मागच्या अंगणात. पूर्वी तशीच पद्धत होती. पण आपण आत करणार."

"आणि ही खोली कोणाची?"

"कोणाची नाही. आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरची होती. आता सिमेंटच्या गोण्या ठेवू."

खोली बारा बाय चौदा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं साधं विटांचं बांधकाम, वर स्लॅब, खाली अंगणाच्या सपाटीला कोटा फरशी, कोपऱ्यात संडास-बाथरूम. उज्वला खुर्ची जराशी आत सरकवून बसली. म्हणाली, "ऊन छान येतं हो इथं."

मी म्हटलं, "अगं, वरच्या दिवाणखान्यातलं ऊन बघ. रंगीत काचांतून येतं."

२ डिसेंबर

आज पायऱ्या मोजल्या. अंगणातून ओट्यावर जायला सात. घर घेताना त्या मला दिसल्या नव्हत्या असं नाही. पण तेव्हा त्या रुबाबदार वाटल्या, पायऱ्या वाटल्या नाहीत.

आता हिशेब सोपा आहे. सात पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे साडेतीन फूट चढण. चाकाच्या खुर्चीला एकास बाराचा उतार लागतो, म्हणजे बेचाळीस फूट. आमचं अंगण एकोणतीस फूट. उरलेला तेरा फूट उतार गल्लीत जाईल आणि समोरच्यांच्या तुळशीपाशी संपेल.

मंजुषा मॅडमना तोही चालला नसता. म्हणाल्या, "उंच जोतं हा या घराचा तोरा आहे, काका. त्याच्यापुढे रॅम्प टाकला की घर झुकल्यासारखं दिसेल."

मी कारखान्याचा माणूस. म्हटलं, उतार नको तर उचलू. आमच्याकडे तयार मालाचे खोके ट्रकमध्ये चढवायचं हायड्रॉलिक टेबल आहे. पाचशे किलो घेतं. बटण दाबलं की चार फूट वर. मागच्या बाजूला बसवू, कोणाला दिसणार नाही. संध्याकाळी उज्वलाला मोबाईलवर फोटो दाखवला.

तिने फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाली, "यावर मला चढवणार?"

"पाचशे किलोचं आहे, काळजी नको."

"मी काय माल आहे का हो?"

पिवळा रंग तिला खटकला असावा. करडा देऊन घेतो.

९ डिसेंबर

आज ओट्यावर बैठक. मंजुषा मॅडम, हर्षाली, बहिरू मिस्त्री आणि मी. उज्वला खाली उन्हात. ती आता माझ्याबरोबर रोज येते. म्हणते, एकदा तीन मजले उतरले की दिवसभर उतरलेलीच बरी. मागच्या खोलीत तिने एक शेगडी, चार कप आणि स्टूल ठेवलंय. सिमेंटच्या गोण्या पत्र्याच्या शेडखाली गेल्या.

विषय बाथरूमचा. मॅडम म्हणतात, झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात करू, पण भिंतीला हात न लावता, पन्नास वर्षांनी कोणाला काढावंसं वाटलं तर काढता येईल असं. मी म्हटलं, "मॅडम, पन्नास वर्षांनी काढायचंय ठीक आहे, पण महिन्याभरात बसायचंय."

मग उंबरठे. प्रत्येक दाराला नऊ इंची, सागाचा. मी म्हटलं, कापू या. मॅडमनी हात छातीला लावला. "काका, उंबरठा म्हणजे या घराचा स्वभाव."

बहिरू कोपऱ्यात चुना मळत होता. सत्तरीचा माणूस, तिकडे पेठकडचा, बोलला तर खरं बोलतो. म्हणाला, "बाई, स्वभाव बिभाव काय नाय. इच्चू-किरडू आत येऊ नय म्हून उंबरा. आन् गंगंच्या पुराचं पाणी वर येतं म्हून जोतं. बांधणारा भित होता, एवढंच हाय."

मॅडमनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. 'मौखिक परंपरा' असं वर लिहिलेलं मला उलटं वाचता आलं.

बाकी ठरलेलं असं. एसी लावायचा, पण सागाच्या कपाटात लपवायचा. दिवे लावायचे, पण बटणं जुन्या पद्धतीची, काळी, गोल. अशी बटणं नवी बनवून जुनी म्हणून विकतात आणि नव्याच्या तिप्पट घेतात. धंद्यात मीही आहे, पण ही कल्पना मला सुचली नाही याचं वाईट वाटलं. कमोडची टाकी उंचावर आणि ओढायला पितळी साखळी. खाली जाऊन उज्वलाला विचारलं. "साखळी चालेल ना?"

"खुर्चीवर बसून हात पोचेल का?"

"लांब साखळी लावू."

लिहिलं. साखळी पसंत, लांब.

२० डिसेंबर

गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आलो. ऑपरेशन सोळा जानेवारीला, दोन्ही गुडघे एकदम. म्हणाले, "घरी नेल्यावर खोली स्वच्छ हवी. धूळ नको, डास नकोत. जंतुसंसर्ग झाला तर सगळं काम वाया."

बंगल्याला अठरा खिडक्या. झडपा नव्वद वर्षांच्या, मिटल्या तरी बोट आत जातं. नदी तीन गल्ल्यांवर. डासांना रस्ता पाठ आहे.

यावर मी काढलेला तोडगा मॅडमनाही आवडला. बाहेरच्या झडपा जशाच्या तशा. आतून बारीक स्टीलची चौकट, काच आणि जाळी, बाहेरून दिसणारच नाही. "सुंदर," म्हणाल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा. हर्षालीनेही मोबाईलवर लिहिलं, 'पप्पांची कल्पना'. शहाऐंशी लोकांना आवडली.

दिवाणखान्याची खिडकी मी स्वतः मोजली. चार जागी पट्टी लावून, मिलिमीटरपर्यंत. दुसऱ्या दिवशी चौकट बसवली. अंगठी बोटात जावी तशी गेली. आमचा नियम आहे, पहिला पीस पास झाला की लॉट चालू. अठ्ठावीस वर्षांत सातपूरच्या एकाही गिऱ्हाइकाने माझा एक पीस परत पाठवलेला नाही.

फोरमन संतोषने विचारलं, "शेठ, बाकीच्या सतरा मोजायला जाऊ का?"

म्हटलं, "अरे, एकाच घराच्या खिडक्या आहेत त्या. एकीचं माप एक, दुसरीचं दुसरं असतं का कुठे?"

लेझर कटिंगच्या मशीनवर सतरा चौकटींचा पत्रा चढला.

५ जानेवारी

आज 'वारसा फेरी' आली. बावीस माणसं, गळ्यात पट्टे, डोक्यावर टोप्या. रविवारी सकाळी ही मंडळी जुनी घरं बघत फिरतात आणि मग आपापल्या नव्या फ्लॅटमध्ये जाऊन जेवतात. हर्षालीने बोलावलं होतं.

मी ओट्यावर खांबाशी उभा. कॅमेरावाला एक जण म्हणाला, "दादा, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

झालो. मग दुसऱ्याने विचारलं, "मालक कुठे असतात?"

म्हटलं, "इथेच असतात. पण कोणी आलं की बाजूला होतात."

त्यांच्या पुढाऱ्याने सांगितलं की याच दिवाणखान्यात एका इंग्रज साहेबाने मेजवानी दिली होती, आणि मडमा नाचल्या होत्या. मी बहिरूकडे बघितलं. तो म्हणाला, "हा बंगला एका कंत्राटदाराचा. पाटाचे पूल बांधायचा. उरलेल्या दगडात त्यानं हा बांधला. आमचा आजाच होता ना कामाला." पुढारी म्हणाले, "ते एक मत झालं."

उज्वलाने मागच्या खोलीत शेगडीवर बावीस जणांचा चहा केला. सगळे तिच्या दारात, उन्हात उभे राहून प्याले आणि म्हणाले, काय शांत वाटतं इथे. मी उज्वलाला म्हटलं, "बघितलंस? लोकांना घर किती आवडतं."

"हो ना," ती म्हणाली. "कोणी जायला तयार नव्हतं खोलीतून."

१२ जानेवारी

लिहायचं जिवावर आलंय.

सकाळी टेम्पोत सतरा चौकटी आल्या. संतोष, दोन कामगार, बहिरू. पहिली लावली, पाऊण इंच मोठी. दुसरी लावली, हात आत जाईल एवढी फट. तिसऱ्या खिडकीचा एक कोपरा दुसऱ्याहून उंच. चौथी वर रुंद, खाली अरुंद, बाईने पदर सावरावा तशी. दुपारपर्यंत सतराच्या सतरा लावून बघितल्या. सतरा नापास.

संतोष फरशीकडे बघत होता. फरशीलाही उतार आहे, ते मला तेव्हाच दिसलं.

शेवटी बहिरू म्हणाला, "शेठ, या खिडक्या मान्सानं बसवल्यात. सकाळी बसवली तिचं माप येगळं, जेवून आल्यावर बसवली तिचं येगळं. तुम्ही इचारलं आसतं तर म्या सांगितलं आसतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मोजत व्हता. मोजणाऱ्याला मधी बोलू नय."

मंजुषा मॅडम आल्या, सगळ्या खिडक्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "प्रत्येकीचं व्यक्तिमत्त्व वेगळं आहे, काका!" आनंदाने म्हणाल्या. ऑपरेशनला चार दिवस उरलेत आणि घरात सतरा व्यक्तिमत्त्वं डासांना आत घेतायत.

नव्याने मोजून, कापून, बसवायला पाच आठवडे. बाथरूमची पितळी साखळी आली आहे, बाथरूम आलेलं नाही. हायड्रॉलिक टेबल मागच्या बाजूला बसवलं, पण तिथून आत जायच्या दाराला नऊ इंची उंबरठा आहे. म्हणजे उज्वला वर जाईल आणि वरच राहील.

खाली गेलो. उज्वला तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "जेवलात का?"

१८ जानेवारी

ऑपरेशन नीट झालं. आज तिने वॉकर धरून चार पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला ओठ दाबले, आवाज केला नाही. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो.

डॉक्टर आले. "बुधवारी सोडतो. कुठे नेणार? तिसरा मजला नाही ना?"

मी बोलायच्या आत हर्षाली म्हणाली, "आमच्या हेरिटेज बंगल्यात." मग तिने जीभ चावली.

मी म्हटलं, "डॉक्टर, एखादा महिना हॉटेलात ठेवू. लिफ्ट असलेल्या."

उज्वला पलंगावरून म्हणाली, "मागच्या खोलीत जाईन मी."

"अगं, ड्रायव्हरची खोली ती. लोक काय म्हणतील? बंगला समोर आणि मालकीण—"

"पायरी नाही तिथं," ती म्हणाली. "संडास आत आहे. ऊन येतं. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं."

तेव्हा ती उन्हाबद्दल बोलली होती, राहण्याबद्दल नाही. मला तर पक्कं आठवतंय.

संध्याकाळी मंजुषा मॅडम फुलं घेऊन आल्या. मी भीत भीत विचारलं, मागच्या खोलीत काही बदल करायचे तर? त्यांनी हात झटकला. "त्या खोलीला काही मूल्य नाही, काका. तिथे काय वाटेल ते करा."

इतकं मोकळं वाक्य या घराबाबतीत मी पहिल्यांदा ऐकलं.

२१ जानेवारी

तीन दिवसांत खोली तयार. भिंतींना एकोणतीस भोकं पाडली, एकीनेही श्वासाचं नाव काढलं नाही. संडासात दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे, आमच्याच कारखान्याचे. कमोडला बटण. एसी भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा. पांढरी ट्यूब. पलंगाची उंची उज्वलाच्या गुडघ्याला मोजून. दोन खिडक्या, दोन्ही बाजारच्या मापाच्या. एक मोजली, दुसरी न मोजता बसली. संतोषच्या चेहऱ्यावर रंग आला.

बहिरू दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "हे ब्येस झालं. यात कायबी जपायचं नाय."

२२ जानेवारी

उज्वला घरी आली. गाडी अंगणात, चाकाची खुर्ची गाडीपाशी, खुर्ची सरळ खोलीत. पाव इंचाचाही धक्का नाही. पलंगावर बसून तिने दोन्ही हात गादीवर ठेवले, इकडेतिकडे बघितलं आणि एक लांब श्वास सोडला. चुन्याच्या भिंतीला जो जमतो म्हणतात, तो हाच असावा.

मी जमिनीवर गादी टाकली आहे. तात्पुरती.

१० फेब्रुवारी

देवळ्याहून चांगुणाअक्का आली, माझी थोरली बहीण. कांद्याची काढणी टाकून खास बंगला बघायला. सातही पायऱ्या दणादणा चढली, सगळ्या खोल्या फिरली, उंबरठ्याला दोनदा अडखळली आणि खाली आली.

"बंगला भारी शे रे भाऊ," म्हणाली. "पन तू आठे का बरं झोपस?"

म्हटलं, "काम चालू आहे, अक्का. इथे तात्पुरतं आहे."

तिने खोलीत नजर फिरवली. पलंग, शेगडी, ट्यूब, माझी गादी. मग उज्वलाला म्हणाली, "तुन्हं बरं शे बाई."

दोघी हसल्या. कशाला ते मला कळलं नाही. मी विचारलं तर आणखी हसल्या.

२८ फेब्रुवारी

आज मासिकवाले आले. मॅडमनी आणले. अंकाचा विषय, 'इतिहास आणि आधुनिक जगणं हातात हात घालून'. खिडक्या आता झाल्या आहेत, प्रत्येकीला आपापल्या मापाची चौकट. कपाटातला एसी कपाटालाच गार करतो, ते निराळं.

फोटोग्राफरने सोबत एक ग्रामोफोन, एक वेताची आरामखुर्ची आणि जाड पुस्तक आणलं होतं. मला झब्बा घालायला लावला, आरामखुर्चीत बसवलं. "काका, वाचतोय असं करा." पुस्तक वैद्यकशास्त्राचं होतं, इंग्रजी. मी चाळीस मिनिटं एकच पान वाचलं.

मग बाहेरचे फोटो. "काका, ती दोरी काढता का? कपड्यांची." काढली. "तो वॉकर?" उचलला. "आणि त्या मागच्या खोलीचं दार लोटून घ्या. ट्यूब दिसते, एसी दिसतो. सगळं वातावरण जातं."

मी जाऊन दार लोटलं. उज्वला पलंगावर पाय सोडून, व्यायाम करत होती. म्हटलं, "पाच मिनिटं."

फोटोग्राफरला संध्याकाळचं ऊन हवं होतं. ते यायला पावणेदोन तास लागले. हर्षालीच एकदा म्हणाली, "पप्पा, आई..." मी म्हटलं, "झालंच आता." ते गेल्यावर दार उघडलं. आत ती तशीच बसलेली.

"झालं का त्यांचं?" तिने विचारलं. "उघडंच ठेवा आता. माझं ऊन गेलं आजचं."

वॉकर कुठे ठेवला होता ते मला आठवेना. शेवटी हायड्रॉलिक टेबलावर सापडला.

१९ मार्च

मासिक आलं. पान नंबर चौतीस. मी आरामखुर्चीत. खाली लिहिलंय, 'पूर्वजांचा वारसा जपणारे झुंबरशेठ सहकुटुंब याच वास्तूत राहतात.' पूर्वजांचा वारसा म्हणाल तर देवळ्याला दीड एकर कोरडवाहू आणि एक पाण्याची मोट. पण छापलंय म्हटल्यावर सातपुरात सगळ्यांना वाटले, तीस अंक. हर्षालीच्या पानावर बंगल्याला आता तीन हजार लोक ओळखतात.

उज्वलाने फोटो बघितला. "झब्ब्यात बरे दिसता," म्हणाली. मग पान जवळ घेऊन म्हणाली, "खुर्चीमागचा तो जिना कुठला? माळ्यावर जातो का?"

मी म्हटलं, "हो." मग फोन आला.

३० मार्च, पाडवा

गुढी कुठे उभारायची यावरून सकाळी वाद झाला. हर्षाली म्हणाली, बंगल्याच्या ओट्यावर, फोटो छान येईल. मॅडमचा निरोप होता की खांबाला दोरी बांधू नका. उज्वलाने एका वाक्यात मिटवलं. "गुढी राहत्या घराच्या दारात असते." मागच्या खोलीच्या दारात उभारली. कडुनिंब, गूळ वाटला.

उज्वला आता काठीवर चालते. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी कालच सांगितलं, "पायऱ्यांची सवय करा, रोज थोड्या." मी याच दिवसाची वाट बघत होतो. बाथरूम झालंय, खिडक्या झाल्यात, दोन खोल्यांचे उंबरठे मॅडमची नजर चुकवून बहिरूने चार इंचांवर आणलेत. पायऱ्यांपाशी तिला घेऊन गेलो. हर्षाली कॅमेरा धरून वर उभी. बहिरूही आला.

म्हटलं, "चल. आज मालकीणबाईंचा प्रवेश."

उज्वलाने काठी पहिल्या पायरीला टेकवली. वर बघितलं.

"काय आहे वर?" तिने विचारलं.

"काय आहे म्हणजे? तुझं घर आहे. तुझ्या पसंतीची फरशी, तुझ्या पसंतीच्या खिडक्या. एकूण एक गोष्ट तुला विचारून केलीय."

"विचारलंत हो," ती म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली, टोमणा नव्हता. "पण मी आत कधी आले?"

मी म्हटलं, असं कसं होईल. डिसेंबरपासून रोज इथेच आहेस. मी चिडूनच म्हटलं बहुतेक, कारण हर्षालीने कॅमेरा खाली घेतला.

उज्वलाने तोवर एक पाय पायरीवर ठेवला होता. दोन मिनिटं तशीच उभी राहिली, मग काढून घेतला. "आज एवढंच. उद्या दुसरी करीन. सांगितलंय ना ताईंनी, रोज थोड्या." आणि काठी टेकत गुढीकडे गेली. पुरणाचा वास येत होता. बहिरूला म्हणाली, "बाबा, जेवून जा."

दुपारी मी ही वही पहिल्यापासून वाचून काढली. एकवीस नोव्हेंबरला ती खुर्चीवर अंगणात. नऊ डिसेंबरला खाली उन्हात. पाच जानेवारीला मागच्या खोलीत चहापाशी. बारा जानेवारीला तांदूळ निवडत. नंतर इस्पितळ, नंतर खोली. प्रत्येक पानावर मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात.

घर घेऊन पाच महिने झाले. उज्वला त्यात अजून एकदाही गेलेली नाही.